वाचकांचे प्रश्न : पालीचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न : ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून पाली शिकण्याची माझी जुनी इच्छा बळावली आहे. मी बँकेतून निवृत्त झालो असून शाळेत संस्कृत घेतलेले नव्हते. परिचितांच्या मते आधी दोन-तीन वर्षे संस्कृत करावे आणि मगच पालीला हात घालावा. हे आवश्यक आहे का? शिवाय या वयात पाठांतर होईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आवश्यक नाही. हा समज आपल्याकडे रूढ होण्यास कारण आहे. महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया घालणारे अनेक विद्वान संस्कृत शिकूनच पालीकडे वळले होते. धर्मानंद कोसंबी यांनीसुद्धा पुणे आणि काशी येथे संस्कृताचा अभ्यास करून मग 1902 मध्ये सिलोन गाठले. परंतु त्याच सिलोनमध्ये आणि ब्रह्मदेशात भिक्षूंच्या कित्येक पिढ्या कच्चायनाच्या व्याकरणावरून थेट पालीच शिकत आल्या आहेत. संस्कृत येत असेल तर शब्दसंग्रह आणि समास सोपे जातात, हे खरे. मात्र प्रत्येक पाली शब्दाचे आधी संस्कृत रूप करून मगच अर्थ लावण्याची खोड लागते आणि ती जाता जात नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याला मराठी येते, हे भांडवल लहान नाही. पालीत द्विवचन नाही, विसर्ग नाही, ऋकार नाही. आत्मनेपद, म्हणजे संस्कृतातील क्रियापदरूपांचा दुसरा संच, जवळजवळ लोपले आहे आणि चतुर्थीचे बरेचसे काम षष्ठीच करते. ‘हत्थ’, ‘अट्ठ’, ‘सत्त’ हे शब्द पाहताच हात, आठ, सात ओळखू येतात, आणि ‘सोळस’मधला ळकार तर मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. पालीला स्वतःची अशी लिपी नसल्यामुळे देवनागरीत वाचण्यात काही उणेपणा मानू नये. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक, म्हणजे पाली बौद्ध धर्मग्रंथांचा संग्रह, देवनागरीत विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे.

पाठांतराची धास्ती घेऊ नये. नामरूपावली कोरडी पाठ करणे कोणत्याही वयात कंटाळवाणेच असते. रोज थोडा मजकूर मोठ्याने वाचून त्यातील रूपे ओळखत गेल्यास ती बऱ्याच अंशी आपोआप अंगवळणी पडतात. आरंभासाठी मात्र मी धम्मपद सुचवणार नाही. गाथांमध्ये छंदासाठी शब्दक्रम फिरतो, रूपे आखडतात, आणि नवशिक्या अभ्यासक शेवटी भाषांतराच्या आधारानेच अर्थ लावत बसतो. त्यापेक्षा जातककथांचे गद्य घ्यावे. ते जातकांतील मूळ गाथांहून उत्तरकालीन आहे, पण सरळ आहे आणि तेच ते वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा येतात. ‘अतीते बाराणसियं ब्रह्मदत्ते रज्जं कारेन्ते’, म्हणजे पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करीत असता, हा आरंभ इतक्या कथांना आहे की पाच-सहा जातके वाचेपर्यंत सतिसप्तमी, म्हणजे ‘अमुक करीत असता’ अशा अर्थाची सप्तमीची रचना, समजावून घेण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : आमच्या विहारात दर रविवारी मी पालीचा वर्ग घेते. मी स्वतः प्रमाणपत्र अभ्यासक्रमापुरतेच शिकलेली आहे. वर्गातील बहुतेकांना बुद्धवंदना लहानपणापासून मुखोद्गत आहे, पण विभक्तीचा तक्ता फळ्यावर काढला की पुढच्या रविवारी संख्या रोडावते. काय करावे? शिवाय एवढ्या अपुऱ्या ज्ञानावर मी शिकवावे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या वर्गाला जे लाभले आहे, ते विद्यापीठातील वर्गालाही सहसा लाभत नाही. आपले विद्यार्थी पाली बोलतच आले आहेत; त्या बोलण्याची रचना फक्त त्यांना दाखवायची आहे. तेव्हा तक्ता बाजूला ठेवा आणि वंदनेलाच पाठ्यपुस्तक करा.

पंचशील घ्या. ‘पाणातिपाता’, ‘अदिन्नादाना’, ‘मिच्छाचारा’, ‘मुसावादा’, ‘पमादट्ठाना’ या पाचही ठिकाणी ‘वेरमणी’च्या आधी पंचमीच आहे, प्राणहत्येपासून, चोरीपासून विरत राहणे असा अर्थ सांगताच तो ‘आ’ काय करतो हे लक्षात येते. ‘कामेसु’ ही सप्तमी त्यातच मिळते आणि ‘समादियामि’ व ‘गच्छामि’ शेजारी मांडले की वर्तमानकाळाचा प्रथमपुरुष झाला.

याहून मोठा ठेवा आणखी दोन वाक्यांत आहे. ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ आणि ‘इति पि सो भगवा अरहं सम्मासम्बुद्धो’ ही वाक्ये एकाखाली एक लिहा. तेच चार शब्द, त्याच क्रमाने, एकदा षष्ठीच्या रूपात आणि एकदा प्रथमेत आले आहेत. तस्स–सो, भगवतो–भगवा, अरहतो–अरहं, सम्मासम्बुद्धस्स–सम्मासम्बुद्धो अशा जोड्या विद्यार्थ्यांनाच लावू द्या. सर्वनाम, अकारान्त नाम आणि व्यंजनान्त अंगाची रूपे यांचा परिचय एका तासात होतो, आणि ‘भगवस्स’ का म्हणत नाहीत हा प्रश्न वर्गातूनच येतो. तक्ता फळ्यावर काढायचाच असेल तर तो त्या वेळी काढावा. तोपर्यंत त्याची मागणी झालेली असते. वंदनेनंतर खुद्दकपाठ घ्यावा. त्यातील नऊ छोट्या पाठांपैकी मंगलसुत्त, रतनसुत्त आणि मेत्तसुत्त वर्गातल्या अनेकांच्या कानावरून गेलेले असणार.

शिकवण्याच्या अधिकाराविषयी : अवश्य शिकवावे. विद्यार्थ्याच्या शंकेने आपली उणीव जितक्या लवकर उघडी पडते तितकी ती एकट्याच्या वाचनात पडत नाही. अट एकच, उत्तर ठाऊक नसेल तेव्हा रचून देऊ नये, पुढच्या रविवारपर्यंत शोधावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संकलित केलेले पाली व्याकरण आणि कोशाचे काम त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या 16व्या खंडात छापलेले आहे, ते वर्गात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या राजकीय धकाधकीतही त्यांनी हा व्यासंग सोडला नव्हता, हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : पाली आली की लेण्यांतील शिलालेख वाचता येतील का? — एक वाचक, लोणावळा

उत्तर : बऱ्याच अंशी येतील, पण भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिपी ब्राह्मी आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 मध्ये तिचा उलगडा केला आणि नेटाने बसल्यास तिची मूळ अक्षरे थोड्या काळात येतात. भाषा पाली नसून तिच्या जवळची प्राकृत आहे आणि लेखनात जोडाक्षरांचे द्वित्व सहसा गाळलेले असते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’ असे आहे. ‘यवनस’ म्हणजे पालीतील ‘यवनस्स’ हे कळले की धेनुकाकट येथील यवनाने स्तंभ दान दिल्याचे वाक्य उलगडते. आरंभी असेच दात्याचे गाव, नाव आणि दान एवढेच सांगणारे छोटे लेख, छापील वाचन हाताशी ठेवून, प्रत्यक्ष जागेवर पाहावेत. नाशिकच्या लेण्यातील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लांबलचक समासांनी भरलेला लेख त्यांच्यानंतर घ्यावा.