शाल, श्रीफळ आणि आठ लिटर चहा

प्रिय,

विभागातल्या मॅडमना संशोधन पुरस्कार मिळाला आणि कौतुकाच्या कार्यक्रमाची जबाबदारी तुझ्यावर आली, असं कळलं. येणारच. वनस्पतिशास्त्र असो की इतिहास, विद्यापीठात हे काम सर्वांत नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं.

आधी मॅडमकडून निवडपत्र मागून घे आणि पुरस्काराचं नाव जसंच्या तसं उतरवून ठेव. पुरस्कार, फेलोशिप आणि प्रकल्पाचं अनुदान यांची गल्लत झाली की चहाच्या वेळी सगळे तेवढंच बोलत बसतात. नावं बदलतातही. १९५८ पासून दिला जाणारा भटनागर पुरस्कार आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत ‘विज्ञान युवा – शांती स्वरूप भटनागर’ या नावाने, ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांना दिला जातो. देणाऱ्या संस्थेने स्वतः जाहीर करेपर्यंत विभागाच्या ग्रुपवर एक शब्द टाकू नकोस.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघ. संकष्टी किंवा एकादशी आली तर निम्मे लोक वड्याकडे नुसते बघत बसतील. गुरुवार करणारेही प्रत्येक विभागात दोन-तीन असतात, त्यांच्यासाठी केळी आणि खजूर ठेवले की भागतं. वेळ दुपारी चारची. तीनला लोक पेंगतात आणि पाचनंतर प्रत्येकाचं लक्ष विद्यापीठ चौकातल्या गर्दीकडे असतं. कार्यक्रम पाऊण तासाचा आणि बाहेरचा प्रमुख पाहुणा शक्यतो नको, कारण त्याची वाट बघण्यातच चहा थंड होतो.

साठ माणसं धर. शंभर मिलीचा कप आणि तिसरा हिस्सा लोक दुसरा कप घेणार, म्हणजे आठ लिटर चहा. त्याला चार लिटर दूध, साडेचार लिटर पाणी (थोडं आटतं), दोनशे ग्रॅम चहापूड आणि सहाशे ग्रॅम साखर लागेल. आलं ठेचून आधी पाण्यात चांगलं उकळू दे, कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटू शकतं. बिनसाखरेचा एक लिटर वेगळा काढून किटलीवर चिठ्ठी लाव. बटाटेवडे माणशी दोन, वर दहा जास्त. ते गरम असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आले की वाफ कोंडते आणि आवरण ओलसर पडतं, म्हणून कागद घातलेल्या उघड्या टोपलीत मागव. पेढे किलोला चाळीस-पन्नास बसतात, दोन किलो भरपूर झाले.

शाल आणताना किमतीची चिठ्ठी आणि टाचण्या आदल्या दिवशीच काढ आणि एक घडी मोडून ठेव. नाहीतर व्यासपीठावर अध्यक्ष टाचणी शोधत उभे राहतात. नारळ हलवून, पाण्याचा आवाज ऐकून घे. “मॅडमच्या हातात नारळ दिला” हा विनोद कोणीतरी करणारच, तू हसून सोडून दे. पुष्पगुच्छ सगळ्यांचा मिळून एकच असावा. उरलेल्या पैशांत अप्पा बळवंत चौकातून त्यांच्या आवडीचं पुस्तक आण, ते तरी घरी टिकेल.

फलक छापणार असशील तर सावध राहा. छपाईवाल्याकडे बऱ्याचदा जुना मराठी फॉन्ट असतो. तुझा युनिकोड मजकूर त्यात चिकटवला की रफार भलतीकडे जातो आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराबरोबर त्याचा पीडीएफही पाठव, छापण्याआधी नमुना मागव आणि ‘संशोधन’ व ‘पुरस्कार’ हे दोन शब्द अक्षर-अक्षर लावून वाच. खरं तर फळ्यावर रंगीत खडूनं सुंदर अक्षरात लिहिलं तर जास्त शोभतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते परिचयाचं भाषण. माहितीपत्रक वाचायला घेतलं की चाळीस शोधनिबंध, सहा प्रकल्प आणि तीन देश होईपर्यंत मागच्या रांगा मोबाइलमध्ये जातात. मॅडमचं काम सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींचं आहे ना? मग तेच सांग. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ, पावसात पाणी साचलेलं आणि नायट्रोजन, फॉस्फरस जेमतेम. म्हणून तिथली ‘सीतेची आसवं’ ही वनस्पती जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते आणि ‘दवबिंदू’ ही दुसरी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकवते. कास पठार बहुतेकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे हे दीड मिनिटात लेखा विभागातल्या माणसालाही कळतं. त्यानंतर मॅडमनी यात नवीन काय शोधलं, याचं एक वाक्य. ते त्यांच्याकडूनच लिहून घे, अंदाजानं बोलू नकोस. वाळवलेल्या नमुन्याचा एक कागद टेबलावर ठेव, पण वड्यांपासून लांब. तेलाचा डाग पडला की तो नमुना कायमचा खराब होतो.

ज्यांनी त्या पठारावर ओझी वाहिली, नमुन्यांच्या दाबपेट्या बांधल्या, उपकरणाची बिलं मंजूर करून घेतली, त्यांची नावं भाषणात यायला हवीत. यादी मॅडमकडूनच घे. प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांना पहिल्या दोन रांगांत बसव. त्यांच्या हातात चहाचा ट्रे त्या दिवशी देऊ नकोस, वाढायला संशोधक विद्यार्थी आहेत. आणि विभागात याच पुरस्कारासाठी अर्ज करून हुकलेलं कोणी असेल तर त्यांना बोलायचा आग्रह करू नकोस. आदल्या दिवशी जाऊन नुसतं “याल ना?” विचार.

वर्गणी सगळ्यांकडून सारखी घेऊ नये. कायम शिक्षकांकडून जास्त, हंगामी शिक्षकांकडून नाममात्र, विद्यार्थ्यांकडून काही नाही. कोणी किती दिले ते कुठे लावू नकोस. फक्त एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक लिहून पावत्यांसह दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर टाचून ठेव. उरलेले वडे संध्याकाळी गेटवरच्या रखवालदारांना दे, गार व्हायच्या आत.

तुझा,
एक जुना शिक्षक