लक्झरी हॉटेलांवर लिहिणाऱ्यांना आणि त्यांचे फोटो काढणाऱ्यांना सगळं फुकट मिळतं का? ते नेमकं काम काय करतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. गुळगुळीत मासिकांत राजवाड्यातली हॉटेलं, खासगी व्हिला, स्पा यांवर लिहिणारे आणि फोटो काढणारे लोक दिवसभर करतात काय, आणि हे सगळं त्यांना फुकटात मिळतं का. दुसरा आधी घेतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

खोली बऱ्याचदा फुकट असते. पण तिचं बिल कुणाच्या खात्यावर पडतं, यावर पुढचं सगळं ठरतं. एक प्रकार असा की मासिकच बिल भरतं. 1987 मध्ये हॅरल्ड इव्हान्स यांच्या संपादकत्वाखाली अमेरिकेत ‘कॉन्डे नास्ट ट्रॅव्हलर’ निघालं, ते ‘ट्रूथ इन ट्रॅव्हल’ हे ब्रीद आणि फुकटच्या सहली न घेण्याचा नियम घेऊनच. हे खर्चिक काम आहे, म्हणून विरळा. दुसरा प्रकार म्हणजे ‘होस्टेड’ मुक्काम: राहण्याखाण्याचा खर्च हॉटेल किंवा एखाद्या देशाचं पर्यटन मंडळ करतं, लेखाचं मानधन मात्र मासिक देतं. तिसऱ्या प्रकारात हॉटेल जागेचे पैसे मोजतं, मजकूर आधी वाचून मंजूर करतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पार्टनरशिप’सारखा शब्द येतो. ती जाहिरातच. त्यात गैर काही नाही, फक्त तिला लेख म्हणू नये.

गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. मुक्काम संपता संपता पीआरवाल्यांचा, म्हणजे हॉटेलची प्रसिद्धी बघणाऱ्यांचा, हमखास प्रश्न येतो, ‘छापायच्या आधी एकदा नजर टाकली तर चालेल ना?’ याचं उत्तर जाण्याआधीच मेलवर देऊन ठेवायचं: नावं, दर, वेळा, अंतरं तपासायला पाठवू, मजकूर नाही. नंतर सांगितलं तर तो उद्धटपणा वाटतो, आधी सांगितलं तर ती अट असते.

सोशल मीडियावर टाकणार असाल तर फुकट मुक्काम उघड करणं हे नुसतं सौजन्य नाही. जाहिरात मानक परिषदेची म्हणजे एएससीआयची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली 2021 ची, आणि ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी 2023 ची. दोन्हींत फुकट सहली आणि हॉटेल मुक्काम हे ‘आर्थिक संबंध’ म्हणूनच धरलेत. शिवाय 1 जुलै 2022 पासून ‘194आर’ नावाने आलेली करतरतूद आहे: व्यवसायामुळे मिळालेला फायदा वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेला की देणाऱ्याने 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायचा; फायदा वस्तूच्या किंवा मुक्कामाच्या रूपात असला तर तो कर भरला गेल्याची खात्री करायची. समजा 40,000 रुपयांची खोली तीन रात्री मिळाली, तर झाले 1,20,000 आणि टीडीएस 12,000. आता शब्दामागे 10 रुपये धरून 1,200 शब्दांच्या लेखाचं मानधन काढा. तेही 12,000, म्हणजे कर मानधनाएवढाच! हॉटेलने पॅन मागितला तर दचकू नका, पण सीएशी आधी बोलून घ्या.

आता काम. लिहिणाऱ्यांना हॉटेल दाखवायला नेतात त्याला धंद्यात ‘प्रेस ट्रिप’ किंवा ‘फॅम ट्रिप’ म्हणतात. आठ-दहा जणांचा घोळका, तासातासाचं वेळापत्रक आणि मधोमध ‘साइट इन्स्पेक्शन’, म्हणजे सात प्रकारच्या खोल्या एकामागून एक दाखवणार. तिसऱ्या खोलीनंतर सगळ्या उशा सारख्याच दिसायला लागतात. उपयोगाचा माल मिळतो तो सकाळी सातच्या आधी आणि रात्री दहानंतर: माळी कोणती फुलं कुठून आणतोय, लाँड्रीची गाडी किती वाजता येते, न्याहारीच्या काउंटरमागे घावनाचं पीठ कोण भिजवतं. घोळक्याबरोबर जावं लागलं तर अर्धा दिवस जास्तीचा मागून घ्या, तोही वेळापत्रकात न बसणारा.

वहीत विशेषणं लिहू नका, मोजमापं लिहा. ‘प्रशस्त बाथरूम’ याला अर्थ नाही. टब खिडकीपासून किती पावलांवर आहे आणि त्यात बसून समुद्र दिसतो की कठडा, याला आहे. ‘स्वागतपेय’ लिहून भागत नाही. सोलकढी होती की नुसतं कोकम सरबत, त्यातलं जिरं भाजलेलं होतं का, हे त्याच मिनिटाला टिपावं लागतं, कारण रात्री ते आठवत नाही आणि हॉटेलला विचारलं तर ब्रोशरमधलं वाक्य परत येतं. फरशीचा दगड, कापडाचा प्रकार, झाडाचं स्थानिक नाव, ज्याच्याशी बोललात त्याचं हुद्द्यासकट पूर्ण नाव. ‘मनमोहक’, ‘स्वर्गीय’, ‘अविस्मरणीय’ हे शब्द चांगला उपसंपादक पहिल्याच वाचनात उडवतो.

लेखाच्या शेवटची दर आणि अंतरं देणारी चौकट कंटाळवाणी वाटते, पण चुका तिथेच सापडतात. दर कोणत्या महिन्याचा, न्याहारीसकट की वगळून, करासकट की वगळून? 7,500 रुपयांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ‘40,000 पासून’ छापलेली खोली बिलावर 47,200 होते. विमानतळापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये देऊ नका, वेळेत द्या, आणि कोणत्या वेळी निघालं तर तेही लिहा.

फोटोचं काम याहून अंगमेहनतीचं. या शैलीचा मूळपुरुष म्हणावा असा स्लिम एरन्स हा अमेरिकी फोटोग्राफर दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी फोटो काढायचा. पुढे त्याने जन्मभर श्रीमंतांचे पोहण्याचे तलाव आणि व्हिला टिपले. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्समधल्या कॉफमन हाउस या बंगल्याच्या तलावाकाठचा त्याचा 1970 चा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलाच असेल. तो स्टायलिस्ट आणि मेकअपवाले यांच्याशिवाय काम करायचा. आज तोच सहजपणा आणायला पाच-सहा माणसं राबतात, हा भाग वेगळा.

सुरुवात सूर्यापासून करा, कॅमेऱ्यापासून नको. मुंबईचं ताज (1903) बंदराकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून उभं आहे. सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं, आणि सूर्यास्ताला सूर्य इमारतीच्या मागे असल्यामुळे तोच भाग काळवंडतो. उदयपूरला पिछोला तलावातला लेक पॅलेस सिटी पॅलेसच्या काठावरून, म्हणजे पूर्वेकडून टिपायचा तर सकाळी तो पांढराशुभ्र दिसतो आणि संध्याकाळी नुसती आकृती उरते. शिवाय तलावात पाणी किती आहे ते आधी विचारा. कोरड्या वर्षांत पाणी इतकं उतरलंय की तरंगता राजवाडा जमिनीवर आलाय. गोव्याचे किनारे पश्चिमेला उघडतात, त्यामुळे सकाळी माडांची सावली वाळूवर बराच वेळ राहते. हे सगळं नकाशा आणि सूर्याची दिशा दाखवणारं ॲप घेऊन घरबसल्या ठरवता येतं.

एका खोलीची एक मुख्य फ्रेम म्हणजे दीड-दोन तास धरा. हाउसकीपिंगचा एक आणि इंजिनिअरिंगचा एक माणूस मागून घ्या. आधी खोली उपसायची: कचऱ्याचा डबा, टिश्यूचा खोका, रिमोट, टेबलावरची कार्डं, मिनीबारची दरपत्रिका, फोनची वायर. चादर घातल्यावर पलंगावरच स्टीमर फिरवायचा, कारण घडीची रेघ खिडकीच्या तिरप्या उजेडात दोरीसारखी उठून दिसते. पडद्याच्या चुण्या हाताने सारख्या करायच्या. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर नाही, जमिनीपासून 110-120 सेंटिमीटरवर. त्याहून वर गेला की पलंग चपटा दिसतो. लेन्स 24 मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट (कॅमेरा न वाकवता जिची काच सरकवता येते ती) असेल तर भिंती सरळ राहतात. 16 मिलिमीटरच्या रुंद लेन्सने खोलीचा दिवाणखाना होतो, आणि मग तो फोटो बघून आलेला पाहुणा रिसेप्शनवर भांडतो.

लेन्सचं छिद्र एफ/8, संवेदनशीलता आयएसओ 100, ट्रायपॉडवर एकेका स्टॉपच्या (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने पाच एक्स्पोजर, म्हणजे खिडकीबाहेरचं आणि पलंगाखालचं दोन्ही हाती येतं. खरी मारामारी असते रंगांची. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: दिवे 2,700 ते 3,000 केल्विनचे पिवळे, खिडकीतला उजेड 5,500 च्या आसपास. दोन्ही एकदम पांढऱ्या चादरीवर पडले की अर्धी चादर हळदीची, अर्धी निळीची. म्हणून मुख्य फ्रेम दिवे बंद ठेवून घ्यायची आणि कॅमेरा न हलवता एक फ्रेम दिवे लावून. नंतर दुसरीतला फक्त दिव्यांचा भाग पहिलीवर बसवायचा. माणसं असलेल्या फोटोत सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर वापरलात तर एलईडीमुळे आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा. जाता जाता आरसा आणि टीव्हीचा काळा पडदा बघून घ्या, दोन्हींत तुम्ही असता.

बाहेरचा संध्याकाळचा फोटो रोज एकच मिळतो. मुंबई-गोव्याच्या अक्षांशावर आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा सूर्यास्तानंतर साधारण 15 ते 25 मिनिटांच्या दरम्यान जुळतो. नंतर आकाश काळं ठिक्कर. तीन रात्री म्हणजे तीन फ्रेमा. पाऊण तास आधी ट्रायपॉड लावून बसायचं, दर्शनी भागातल्या सगळ्या खोल्यांचे दिवे लावायला सांगायचं (एखादी अंधारी राहिली की दात पडल्यासारखी दिसते) आणि पोहण्याच्या तलावाचा पंप अर्धा तास आधी बंद करायला लावायचा, नाहीतर प्रतिबिंब थरथरतं.

किनाऱ्यावर घात करतो तो एसी. थंडगार खोलीतून कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर धुकं बसतं. पुसलं तरी परत येतं आणि काच तापेपर्यंत वीस-तीस मिनिटं जातात, म्हणजे तुमची संध्याकाळ गेली. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास आधी बाल्कनीत ठेवा, पाणी पिशवीवर जमेल.

मासिकाला काय लागतं हेही आधी विचारा. साडेआठ बाय अकरा इंचांच्या दोन पानांवर पसरणारा फोटो 300 डीपीआयला (इंचामागे 300 ठिपके) 5,100 बाय 3,300 पिक्सेल लागतो. त्यात माणसाचा चेहरा मधोमध नको, तो शिवणीत जातो. एक आडवी फ्रेम मथळ्यासाठी आकाश मोकळं ठेवून, एक उभी मासिकाच्या नावासाठी वर जागा सोडून. पोहण्याच्या तलावातल्या पाहुण्यांचे चेहरे परवानगीशिवाय नकोत. ज्याला तिथे असल्याचं कुणाला कळू नये असा पाहुणा नेमका तुमच्या फ्रेममध्ये येतो.

हक्कांबाबत नवखे लोक सर्रास फसतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 सांगतं की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो फोटो काढून घेणारा. म्हणजे हॉटेलने नेमलं आणि कागद केला नाही, तर फोटो हॉटेलचे. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश घातला नाही तर भारत, असं कलम 19 मानतं. म्हणून हॉटेल ‘इन्स्टाग्रामपुरते दोन-चार द्या ना’ म्हणालं की माध्यम, मुदत, प्रदेश या तीन गोष्टी लिहून त्याचा दर लावा.

शिरायचं कसं? मोठ्या हॉटेलला मेल करून नाही, संपादकाला करून. दीडशे-दोनशे शब्द, त्यात कुठलं ठिकाण, आत्ताच का, आणि इतरांनी न लिहिलेलं काय. ‘उदयपूर सुंदर आहे’ हा विषय नव्हे. ‘तलावातल्या हॉटेलात भाजी रोज बोटीने कशी पोचते’ हा आहे. छापील मासिकं तीन ते सहा महिने पुढचं ठरवतात, दिवाळीचा विषय जूनमध्ये पोचला पाहिजे. मानधन बहुधा लेख छापून आल्यावर मिळतं, तेव्हा लेख रद्द झाला तर किती टक्के मिळणार हे आधीच विचारून ठेवा; त्याला ‘किल फी’ म्हणतात. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून बरेच जण हॉटेलांच्या वेबसाइटचा मजकूर आणि फोटोही करतात. करा, पण ज्याचं ब्रोशर लिहिलंत त्याच हॉटेलवर मासिकात लेख लिहू नका. आणि मेलच्या शेवटी न विचारता एक ओळ टाका: मुक्कामाचा खर्च कोण करणार आहे. काही संपादक तिथेच ‘नको’ म्हणतील, तेही विमानाचं तिकीट काढायच्या आधी कळलेलं बरं.