हॉटेल मॅनेजमेंटची पदवी नोकरीत नेमकी कुठे उपयोगी पडते?

तुम्ही विचारले आहे, की तुमच्या मुलीला बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यायची आहे, तर तिचा नोकरीत उपयोग होतो का. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे मात्र असे, की हे काम हॉटेलात उभे राहूनच शिकता येते, मग कॉलेजची फी कशाला भरायची? हॉटेलच्या किचनमध्ये आणि पुढे नव्या मुलांना तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारे उत्तर देतो.

वडीलधारी मंडळी म्हणतात ते निम्मे खरे आहे. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी चार कांदे नेटके चिरतो. लग्नसराईत बँक्वेटच्या किचनमध्ये पोते रिकामे करावे लागते, आणि तो वेग कामावरच येतो. पण कामाच्या धांदलीत जे शिकवायला कोणाला सवड नसते, ते कॉलेजात मिळते, आणि बढतीच्या वेळी तेच पाहिले जाते.

फूड कॉस्टचेच पाहा, म्हणजे पदार्थाच्या विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा खर्च किती टक्के, त्याचे. समजा सुरमई 800 रुपये किलोने आली आणि साफ केल्यावर वापरण्याजोगी 600 ग्रॅमच उरली, तर 150 ग्रॅमच्या एका पोर्शनमधील मासा 120 नव्हे, 200 रुपयांना पडतो. फूड कॉस्ट 30 टक्क्यांत बसवायची असेल, तर केवळ माशाच्या हिशेबाने विक्रीची किंमत सुमारे 667 रुपये निघते. ज्याने 120 धरून 400 रुपये किंमत लावली, त्याची खरी फूड कॉस्ट 50 टक्क्यांवर गेलेली असते आणि महिनाअखेरीपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हाताला उत्तम चव असलेले कितीतरी स्वयंपाकी या एका हिशेबापायी वर्षानुवर्षे त्याच पदावर राहिलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

अन्नसुरक्षेचेही तसेच. शिजवलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ का ठेवू नये, याचे कारण ज्याला ठाऊक असते, तो पाहणारे कोणी नसतानाही थर्मामीटर लावतो.

मुंबईत दादरच्या आयएचएमसारख्या (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) संस्थांत किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस (रिसेप्शन) आणि हाउसकीपिंग हे चारही विभाग सर्वांनाच शिकावे लागतात. शेफच व्हायचे असलेल्या मुलांना खोल्या लावण्याचे धडे जाचक वाटतात. तरीही खोली वेळेवर तयार न झाल्याने फ्रंट ऑफिसला काय ऐकून घ्यावे लागते हे ज्याने पाहिले आहे, त्याचे पुढे इतर विभागांशी खटके कमी उडतात.

या सगळ्याचा कस लागतो तो इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून हॉटेलात प्रत्यक्ष काम करताना. तिथे काही हॉटेले मुलांना फुकटचे मनुष्यबळ समजतात आणि एकाच विभागात आठवडेच्या आठवडे भांडी-ग्लास पुसायला लावतात, याची मला चीड येते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजला थेट विचारा: ट्रेनिंगला मुले कोणत्या हॉटेलांत जातात, चारही विभागांत फिरवले जाते का, लॉगबुक (ट्रेनिंगमधील कामाची नोंदवही) कोण तपासते आणि त्या काळात शिक्षक हॉटेलला भेट देतात का? प्लेसमेंटचे आकडे छापील पत्रकात सगळेच देतात, त्यावर विसंबू नका. शेवटच्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून त्यांचे लॉगबुक पाहायला मागा.