तीन वर्षांत तीन खुळं

"मॅडम, हिचं दर वर्षी नवं खूळ. सहावीत पुरातत्त्व, सातवीत बेकरी, आठवीत नाटक. आता नववी निम्मी संपली, तर म्हणते 'माहीत नाही'. अशी धरसोड असली तर विषय कसे निवडायचे?" आईच्या आवाजात चिडीपेक्षा भीती जास्त होती. मुलगी दप्तराची चेन उघडझाप करत होती.

करिअर-समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला नेहमीचाच, तरी माझी सुरुवात चुकली. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर बेतलेली आवड-चाचणी आधी दिली. ती आवडींचे सहा प्रकार करते; हिला सहाही प्रकारांत जवळपास सारखे गुण! (चाचणी हाताशी असली की बोलण्याचा आळस होतो, हे माझं दुखणं.)

पुढच्या भेटीला सहावी ते आठवीच्या करिअर-ओळखीच्या तासांचे कागद मागवले. ते रद्दीत गेले नव्हते, हे नशीब. व्यवसायांची नावं झाकून फक्त 'काय आवडलं?' खालची उत्तरं तिला वाचायला लावली. उत्खननाच्या खेळात खापरांना क्रमांक घालणं. केकच्या प्रकल्पात सामानाची यादी. नाटकात तर ती रंगमंचावर गेलीच नव्हती; कोणत्या प्रवेशाला कुठली वस्तू लागते, तो तक्ता तिचा.

"म्हणजे मला वस्तू जागच्या जागी लावायला आवडतं?"

"घरी कधी दिसलं नाही," आई पुटपुटली.

मग खरी गोष्ट बाहेर आली. "पण याला म्हणायचं काय? स्टोअरकीपर? मैत्रिणी हसतील." मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं होतं: साधारण नऊ ते तेरा या वयात मुलं प्रतिष्ठेच्या हिशेबानं पर्याय गाळू लागतात, स्वतःच्या आवडीचा विचार नंतर येतो. 'माहीत नाही'च्या मागे पुष्कळदा असा गाळलेला पर्याय असतो.

संग्रहालयातल्या नोंदी, ग्रंथालय, औषधसाठा, मालवाहतुकीचं नियोजन, डेटा सांभाळणं, अशी कामं आम्ही कागदावर मांडली. साठ्याचा हिशेब जवळजवळ सगळीकडे लागतो, म्हणून गणित सोडायचं नाही एवढं ठरलं. बाकी विषयांची घाई केली नाही. नववी संपेपर्यंत अशी कामं करणाऱ्या दोघांशी बोलायचं आणि अर्धा दिवस प्रत्यक्ष काम बघायचं.

रुग्णालयाच्या औषधभांडारातून ती आली ती सांगतच: "मुदत आधी संपणारी औषधं पुढे ठेवतात!" मग जरा थांबून, "पण दिवसभर एकटीनं बसायला नको."

तेही तिला त्याच कागदावर लिहायला लावलं.