आजीची चांदीची भांडी, देवांचे टाक आणि जुनी चित्रं इतिहास संग्रहालय घेईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजीच्या पश्चात चांदीची भांडी, देव्हाऱ्यातले झिजलेले टाक आणि फ्रेममधली दोन जुनी चित्रं तुमच्याकडे आली आहेत. सराफ सगळं मोडीत घ्यायला तयार आहे, पण तुमचं मन संग्रहालयाकडे ओढतंय. ते घेतील का, आणि काय बघून घेतात?

मी एका संग्रहालयात नव्या वस्तूंच्या नोंदी करायचं काम बरीच वर्षं केलं आहे, त्या अनुभवावरून सांगतो. घेतील. सगळं नाही घेणार. आणि जे घेतील ते बहुधा तुम्हाला वाटतंय ते नसेल. लोक आमच्याकडे यायचे तेव्हा सगळ्यात जड तबक पिशवीत वर ठेवलेलं असायचं आणि आमची नजर तळाशी पडलेल्या, पोचे आलेल्या वाळ्यांवर जायची.

याचं कारण साधं आहे. चांदी टिकत नाही. म्हणजे धातू टिकतो, वस्तू टिकत नाही. दर पिढीत लग्न निघतं, घर बांधायचं असतं, अडचण येते, की आधीच्या पिढीची चांदी आटवून नवी केली जाते. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनमधल्या घरांतले दागिने मुंबईच्या टांकसाळीत वितळायला गेले. आताही किलोचा भाव लाखावर गेल्यापासून जुन्या तोरड्या आणि वाळे झपाट्यानं मुशीत जाताहेत. त्यामुळे संस्थानिकांची अत्तरदाणी बघायला मिळते, पण शेतकरी बाईचे शंभर वर्षांपूर्वीचे तोडे, कुणाचे आणि कुठल्या गावचे हे माहीत असलेले, मिळता मिळत नाहीत.

आपली मोठी संग्रहालयं कशी भरली हेही बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पाया शेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह १९१५ साली विकत घेऊन घातला गेला, पुढे सर रतन टाटा आणि सर दोराब टाटांचे संग्रह आले. श्रीमंत रसिकांनी जे जमवलं ते तिथं पोचलं. उलट्या दिशेनं गेले ते पुण्याचे दिनकर केळकर. साधारण १९२०पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या असं घरगुती सामान गोळा केलं. १९७५ साली सगळा संग्रह राज्य शासनाला दिला. माझ्या मते आजच्या कुठल्याही जिल्हा संग्रहालयानं केळकरांचीच वाट धरावी, कारण दरबारी चांदी जगभर पुरेशी जमवून झाली आहे.

आता ‘प्रादेशिक’ चांदी, म्हणजे कुठल्या भागात घडली हे सांगता येईल अशी चांदी, कशी ओळखतात ते. इंग्रजी अमलात तयार झालेल्या भारतीय चांदीत प्रत्येक ठिकाणची नक्षी वेगळी पडते. कच्छची म्हणजे वेलबुट्टी, पान पानात गुंतलेलं, मोकळी जागा शोधून सापडायची नाही. भुजच्या ओमरसी मावजी या कारागिराच्या कामाखाली ‘ओ. एम. भुज’ असा रोमन अक्षरांतला ठसा मिळतो. मद्रासच्या कामात ओळीनं देवदेवता, म्हणून त्याला ‘स्वामी’ काम म्हणतात. काश्मीरला चिनारची पानं आणि शालीवरची नक्षी, लखनौला शिकार आणि जंगल, कटक आणि करीमनगरला तारकाम. पुण्याचीही अशी चांदी होती, देवतांच्या उठावदार आकृत्यांची. पण हा बहुतेक माल साहेब लोकांसाठी आणि प्रदर्शनांसाठी घडायचा. तुमच्या आजीचं ताम्हण, पळी-पंचपात्र, फुलपात्र या प्रकारांत बसणार नाही. गावच्या सोनारानं ठोकून केलेलं, गुळगुळीत, फार तर काठाला एक रेघ, ठसा नाही. नुसतं हातात घेऊन ते साताऱ्याचं की बेळगावचं हे मोठा जाणकारही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिथं तुमची माहितीच कामी येते.

म्हणून आज बसून एक कागद लिहा. वस्तू कुणाची, कुठल्या लग्नात आली, माहेरची की सासरची, गाव, सोनाराची आळी, रोज वापरात होती की सणालाच निघायची. घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांच्यापाशी बसा. असा कागद सोबत असलेलं पोचे आलेलं फुलपात्र आम्ही घेतलं आहे आणि कागद नसलेलं देखणं तबक परत पाठवलं आहे.

टाकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या पिशवीतला ऐवज तोच आहे. टाक म्हणजे ठशावर ठोकून उठाव आणलेला चांदीचा पातळ पत्रा, बऱ्याचदा मागून तांब्याचा. खंडोबा घोड्यावर, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या अंघोळ घालून आणि पुसून आधी चेहरा जातो, मग तलवार, शेवटी घोड्याचा फुगीर कुल्ला तेवढा चमकत राहतो. सराफाच्या लेखी ही घट. आमच्या लेखी तो वापराचा पुरावा. उठावाच्या खाचांत हळदीकुंकवाचा थर बसलेला असतो, त्याला हात लावू नका. झिजलेले टाक नदीत सोडून नवे करायची रीत असल्यानं जुने फारसे उरतच नाहीत. एकच विनंती, देव द्यायचे तर आधी घरच्यांना विचारा, गुरुजींकडून रीतसर निरोप द्या. मनात खुटखुट ठेवून दिलेले देव पुढे परत मागितले जातात आणि ते कुणालाच सुखाचं नसतं.

हे वाचून पितांबरी काढली असेल तर खाली ठेवा. काळेपणा म्हणजे चांदी आणि हवेतलं गंधक यांचं संयुग, आणि प्रत्येक घासणीबरोबर थोडी चांदीही जाते. रांगोळी आणि टूथपेस्टनं ओरखडे पडतात, नावाची अक्षरं पुसट होतात. दुकानातल्या बुडवायच्या द्रावणानं खाचांतला मुद्दाम ठेवलेला काळा रंगही निघून जातो आणि भांडं नव्या स्टीलसारखं दिसायला लागतं. चमच्यांना रबरबँड तर अजिबात बांधू नका. रबरात गंधक असतं, त्याची काळी रेघ चांदीत उतरते आणि नंतर जात नाही. धुतलेल्या मऊ सुती कापडात एकेक वस्तू वेगळी गुंडाळा. लोकर नको, वर्तमानपत्र नको. आणि शुद्धता बघायला सराफाला काप घेऊ देऊ नका. ओरखडाही न पाडता क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण सांगणारं यंत्र असतं, गरज पडली तर संग्रहालय ते करून घेतं.

चित्रांचं थोडक्यात. बहुतेक घरांतली ‘जुनी चित्रं’ छापील असतात. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याचा चित्रशाळा छापखाना त्याहून जुना, १८७८चा. चित्राच्या खालच्या पट्टीत छापखान्याचं नाव असतं, पण ती फ्रेमखाली दबलेली असते. फ्रेम तुम्ही उघडू नका, कागद काचेला चिकटलेला असला तर फाटेल. ही चित्रं भरमसाट छापली गेली, त्यामुळे तुमची लक्ष्मी आमच्याकडे आधीच असेल. मात्र घरातल्या बाईनं तिच्या साडीवर जर, टिकल्या, मणी लावले असतील तर तशी दुसरी प्रत जगात नाही. असं असेल तर पत्रात ठळक लिहा.

रीत अशी: आधी पत्र आणि फोटो. वस्तू एकदम घेऊन जाऊ नका. फोटोत तळ आणि मागची बाजूही यायला हवी. मग वस्तू बघायला मागवतात, तात्पुरती पावती देतात, स्थितीची नोंद करतात, निवड समितीपुढे ठेवतात. मंजूर झालं तर दानपत्र होतं. त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, काकांची राहिली तर प्रकरण वर्षभर अडकतं. मग वस्तूला क्रमांक मिळतो, तो तळाला पारदर्शक लेपाच्या थरावर बारीक अक्षरात घालतात, पुढे काढता येईल असा. ‘कायम प्रदर्शनात ठेवा’ अशी अट मात्र घालू नका, बहुतेक ठिकाणी तिथंच नकार येतो. केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, मांडलेल्या अडीच हजारांच्या घरात. बाकीच्या कोठारात असतात, अभ्यासक येतात तेव्हा निघतात.

कायद्याचंही बघून ठेवा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे एखादा पानाचा डबा अमेरिकेतल्या बहिणीच्या बॅगेत टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. धातूच्या मूर्ती आणि चित्रं शंभरीच्या पुढची असतील तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीही लागते. टाक त्यात बसतात का, हे त्या खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्यालाच विचारा.

पहिलं पत्र आपल्या जिल्ह्यातल्या संग्रहालयाला पाठवा, मुंबईला नंतर. समितीच्या बैठका क्वचित होतात, उत्तराला महिने लागतात. सराफाला तोवर नुसतं ‘बघू’ म्हणा.