संकष्टीला येणारा ताप

प्रिय ताई,
माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. गेल्या सहा महिन्यांत सहा वेळा तिचा घसा धरला. सर्दी-खोकला नसतो, पण ताप १०३ पर्यंत चढतो, घास गिळवत नाही, तोंडात बारीक फोड येतात. दरवेळी अँटिबायोटिक चालू करतात आणि पाचव्या दिवशी ताप उतरतो. मधल्या काळात पोर ठणठणीत. रक्तात एएसओ वाढलेला निघाला म्हणून एका डॉक्टरांनी दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन सुचवलं, दुसरे म्हणाले टॉन्सिल काढून टाका. सासूबाई म्हणतात, पाळणाघर आणि कुल्फी बंद करा. ताप बरोबर संकष्टीच्या आसपास येतो म्हणून त्या दृष्टही काढतात. नवरा म्हणतो, मुलं आजारी पडायचीच. आणखी तपासण्या करू का? की नोकरी सोडून घरी बसू?
– नाशिकची एक आई

प्रिय नाशिककर आई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती सासूबाईंची आहे. दृष्टीचा भाग बाजूला ठेवू, पण संकष्टी साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते आणि नातीचा ताप तिच्याच मागेपुढे येतो, हे त्यांनी हेरलं. घशाचा नेहमीचा संसर्ग तिथी बघून येत नाही. तो पावसाळ्यात, थंडीत, शाळा सुरू झाल्यावर ओळीने दोन-तीनदा येईल, मग चार महिने येणार नाही. घड्याळ लावल्यासारखा येणारा ताप डॉक्टरांना वेगळा विचार करायला लावतो.

लहान मुलांमध्ये असा एक आजार असतो. डॉक्टर त्याला ‘पीएफएपीए’ म्हणतात. बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो. तीन ते सहा आठवड्यांनी चढा ताप येतो, काही दिवस राहतो, घसा लाल, मानेत गाठी, तोंडात फोड. आणि मध्ये मूल एकदम बरं, वजन-उंची छान वाढत असते. हा जंतुसंसर्ग नाही. शरीराची स्वतःचीच दाहाची प्रतिक्रिया दर काही आठवड्यांनी उफाळते. त्यामुळे अँटिबायोटिकचा त्यावर परिणाम होत नाही. पाचव्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि श्रेय बाटलीला जातं. तुमच्या लेकीला हेच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही, ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील. पण ही शक्यता कोणी तपासलीच नाही असं दिसतं, आणि ती तपासायलाच हवी.

म्हणून तपासण्या करा, पण योग्य दिवशी करा. आतापर्यंत केलेली एएसओ ही मुळात या प्रश्नाचं उत्तर देणारी तपासणीच नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूविरुद्ध शरीराने कधीतरी प्रतिपिंडं तयार केली, एवढंच ती सांगते. हा आकडा संसर्गानंतर तीन ते पाच आठवड्यांनी सर्वात वर जातो आणि पुढे कित्येक महिने वाढलेला राहू शकतो. आज घशात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. दर महिन्याचं पेनिसिलीन असतं ते संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर झालेल्या मुलांसाठी, कारण त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. नुसत्या वाढलेल्या एएसओवर वर्षानुवर्षं टोचून घेणारी मुलं आपल्याकडे आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. इंजेक्शन सुचवणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘तिला रुमॅटिक फीव्हर झालाय का? कशावरून? हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको केला का?’ (हे वाचून कोणी आधीच चालू असलेली इंजेक्शनं परस्पर बंद करू नयेत. आधी डॉक्टरांशी बोला.)

पुढच्या वेळी ताप आला की पहिल्याच दिवशी, अँटिबायोटिकचा पहिला चमचा पोटात जाण्याआधी, घशाचा स्वॅब घ्यायला सांगा. दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत यांवरून कापूस फिरला पाहिजे. झटपट चाचणीचा निकाल काही मिनिटांत येतो, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, एक-दोन दिवस लागतात. तेवढं थांबल्याने बिघडत नाही: स्ट्रेपचा संसर्ग निघाला तरी नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं की रुमॅटिक फीव्हर टळतो. मात्र निघालाच, तर पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन पूर्ण दहा दिवस द्यायचं. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारायला लागलं म्हणून बाटली फ्रिजमध्ये विसरायची नाही. आणि मूल बरं असताना स्वॅब करू नका. काही मुलांच्या घशात हा जंतू काही त्रास न देता राहतो, आणि मग त्या रिपोर्टने नुसता गोंधळ होतो.

त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) करा, मग ताप नसताना पुन्हा एकदा. काही मुलांमध्ये साधारण तीन आठवड्यांनी पांढऱ्या पेशींतला एक प्रकार फार कमी होतो आणि तोंड येऊन ताप चढतो. तो आजार नाही ना, हे पाहायला डॉक्टर सीबीसी काही आठवडे पुन्हा पुन्हाही करायला सांगतील. तिच्या बोटाला टोचायचं म्हणून जीव तुटेल, पण हे रक्त उपयोगाचं आहे.

आणि नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिता ना, तिथेच ताप कधी आला, किती चढला, कधी उतरला, सर्दी-खोकला होता का, फोड आले का, औषध कोणतं दिलं, हे लिहीत चला. उजेडात आ करायला लावून घशाचा फोटो काढा. हे काम सासूबाईंवर सोपवा. त्या ते तुमच्या-माझ्यापेक्षा चोख करतील, आणि डॉक्टरांकडे त्यांनाही बरोबर न्या.

टॉन्सिलच्या ऑपरेशनचं म्हणाल तर ते वाईट नाही, पण कशासाठी करतोय ते आधी ठरू दे. जगभर साधारण हिशोब असा धरतात: वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा खरोखर सुजल्याची डॉक्टरी नोंद. ‘पीएफएपीए’ ठरलाच, तर त्यातही ऑपरेशन हा एक पर्याय असतो. कधी डॉक्टर ताप येताच स्टेरॉइडचा एक डोस देतात आणि काही तासांत ताप उतरतो. पुष्कळ मुलांमध्ये हा त्रास वाढत्या वयात आपोआप थांबतो, म्हणून वाट पाहणंही चालतं. रात्री ती घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, तेही बघा. तसं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जावं लागेल.

काही वेळा मात्र कॅलेंडर वगैरे सोडून थेट हॉस्पिटल गाठायचं: लाळ गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, मान वळवता येत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल, घशात करडा पापुद्रा दिसत असेल, किंवा लघवी फारच कमी झाली असेल. घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, एकातून दुसऱ्यात दुखणं सरकलं, धाप लागू लागली, किंवा काही महिन्यांनीसुद्धा हातपाय आपोआप उडू लागले, तर त्याच दिवशी दाखवायचं. शिवाय वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर प्रतिकारशक्तीची तपासणी लागते. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, याचं मला समाधान आहे.

आता नोकरी. सोडू नका. पाळणाघरात सर्दी-पडसं जास्त होतं हे खरं, पण महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या, सर्दीशिवायच्या तापाचं खापर पाळणाघरावर फुटत नाही, तुमच्यावर तर नाहीच. कुल्फीनेही घशात जंतू येत नाहीत. दुखत असताना गार खाल्लं तर उलट तिला बरं वाटेल. आणि ‘मुलं आजारी पडायचीच’ हे तिच्या बाबांचं म्हणणं सर्दीपुरतं मला मान्य आहे, यापुरतं नाही. पुढच्या वेळी पहिल्या दिवशी स्वॅबला कोण नेणार हे आत्ताच ठरवा. आतापर्यंत रजा तुम्हीच टाकत आला असाल, तर या वेळी त्यांनी टाकावी.

– तुमची ताई