नखांना खळगा पडलाय, तेल पुरेल का?

प्रश्न : वय ४१. अंगठ्याची व तर्जनीची नखं पातळ होऊन मधे खोलगट झालीत. रोज रात्री खोबरेल चोळते, लिंबूही लावते. चार महिने झाले, फरक नाही. दमही लागतो.

उत्तर : नखावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो ओघळला नाही, खळग्यातच थांबला, तर नख चमच्यासारखं झालंय. याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता, आणि तुम्हाला दमही लागतोय. रक्तातलं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, यातच हिमोग्लोबिन कळतं) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली असू शकतं. पाळीत जास्त रक्त जातं का, मूळव्याध आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गळती चालू राहिली तर गोळ्या कितीही घ्या, व्यर्थ.

लोहाची गोळी शक्यतो उपाशीपोटी घ्यावी. चहा दोन तास लांब ठेवा (अवघड आहे, मान्य!), कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौच काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या लागतात. नख महिन्याला जेमतेम ३ मिमी वाढतं, म्हणजे नवं नख पूर्ण यायला सहा महिने.

खोबरेल लावा, कोरडेपणा कमी होईल. खळगा भरणार नाही. लिंबू चोळणं मात्र थांबवा, कडेची त्वचा सोलवटते. ते वरणावर पिळा, लोह शोषायला मदत होईल.

एकाच नखावर नवी काळी उभी रेघ दिसली आणि रुंद होत गेली, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.